मीडिया शिकायला बर्मिंगहॅमला गेले आणि साक्रीबद्दल बोलत बसले

अमळनेरला कोणालाही सांगा की मी इंग्लंडहून मीडिया अँड कम्युनिकेशनमध्ये एमए करून आले, की पुढचा प्रश्न ठरलेला, मग आता कोणत्या चॅनलवर दिसणार? गल्लीतल्या एका काकूंनी तर आईला विचारलं की तिकडे माईक धरायला वेगळं शिकवतात का. आधी मी समजावत बसायचे, आता नुसतं हसते. पण जळगाव-धुळ्याकडची कॉलेजची पोरं-पोरी अधूनमधून फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते, जसं आठवेल तसं, क्रम वगैरे नाही.

पहिलं म्हणजे वर्षभरात माझ्या हातात कॅमेरा आला नाही. अँकरिंग नाही, एडिटिंग नाही, काही नाही. मीडिया अँड कम्युनिकेशन हा तिकडे वाचायचा आणि लिहायचा विषय आहे, म्हणजे बातमी कशी बनवायची हे नाही तर बातमी अशीच का बनते, कोणाच्या पैशावर बनते, वाचणारा तिचं काय करतो, हे. ज्यांना न्यूजरूममध्ये काम करायचंय त्यांनी सरळ जर्नलिझमचा प्रॅक्टिकल कोर्स बघावा, एनसीटीजे किंवा बीजेटीसी या तिकडच्या पत्रकारितेच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता असलेला, नाव सारखं वाटतं पण गोष्ट पूर्ण वेगळी आहे. मला हे जाण्याआधी माहीत होतं. आमच्याच वर्गातल्या दोघी-तिघींना नव्हतं, त्या बिचाऱ्या पहिल्या महिन्यात रडकुंडीला आल्या होत्या.

पैशाचं पटकन उरकते. फी बावीस हजार पाऊंडाच्या आसपास, तिथल्या मुलांना त्याच वर्गाला खूप कमी. लोनसाठी बँकेत गेलो तर साहेब म्हणाले शेती तारण चालत नाही, बिगरशेती काय आहे सांगा. आमच्याकडे शेतीच जास्त, मग राहतं घर लावलं. आजीला हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. व्हिसासाठी खात्यात पैसे सलग २८ दिवस पडून दाखवावे लागतात, टीबीची टेस्ट करायला मुंबई गाठावी लागते, आणि हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाऊंड, तो आधीच भरायचा. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर एका पंजाबी मिठाईच्या दुकानात होते, तेव्हा कमीत कमी पगार तासाला ११.४४ पाऊंड होता, मग २०२५ च्या एप्रिलपासून १२.२१ झाला. त्यातून खोलीचं भाडं आणि खाणं निघतं. फी निघत नाही. एजंट काहीही सांगो, निघत नाही.

आता अभ्यासाचं. १८० क्रेडिटचा कोर्स, त्यातले ६० डिझर्टेशनचे म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रबंधाचे, बाकी मॉड्यूल म्हणजे वेगवेगळे विषय. लेक्चर कमी आणि वाचन ढीगभर. सेमिनारला वाचून नाही आलं तर कोणी ओरडत नाही, बाईंना कळतं आणि त्या नुसत्या पुढच्याकडे बघतात, ते जास्त लागतं. मार्कांचा घोळ वेगळाच, ५० ला पास, ६० च्या वर मेरिट, ७० म्हणजे डिस्टिंक्शन. माझ्या पहिल्या निबंधाला ६४ पडले, मी खुश, आणि व्हिडिओ कॉलवर मामा म्हणाले, एवढे पैसे घालून फक्त ६४? त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि त्यांना पटलं नाहीच.

वर्गात निम्म्याहून जास्त मुली चीनच्या. त्या सेमिनारला गप्प असायच्या म्हणून सगळ्यांना वाटायचं यांना काही बोलायचंच नाहीये. ग्रुप प्रेझेंटेशनला माझ्यासोबत त्यातल्या दोघी आल्या आणि लायब्ररीत बसल्यावर एकीनं तिच्या घरच्यांचा वीचॅट ग्रुप दाखवला. तिचे वडील रोज सकाळी तब्येतीचे सल्ले टाकतात, गरम पाण्यात अमुक टाका, तमुक आजार जातो. मी माझा ‘पाटील परिवार’ ग्रुप उघडला. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्यानं शुक केलं. आमचं प्रेझेंटेशन त्यावरच झालं, आईबाप फॉरवर्ड का करतात, आणि खरं खोटं हा मुद्दा त्यात किती खालच्या नंबरचा असतो. मुलीला काळजी कळावी म्हणून बाप हळदीचा मेसेज टाकतो, त्याला फॅक्ट चेकची लिंक पाठवली तर तो दुखावतो. त्या दिवशी ती मुलगी सलग वीस मिनिटं बोलली.

पण माझं काय व्हायचं की सेमिनारमध्ये कुठलाही विषय निघाला की मान माझ्याकडे वळायची, भारतात कसं आहे? अहो भारतात कसं आहे मला काय माहीत. मला अमळनेर माहीत आहे, पारोळा, चोपडा, एरंडोल थोडंफार. बॉलिवूडबद्दल विचारायचे. मी सांगायचे की आमच्याकडे लग्नाच्या वरातीत डीजेवर हिंदीपेक्षा अहिराणी गाणी जास्त वाजतात, ती कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेली नसतात, इथलीच पोरं शेतात शूट करून यूट्यूबला टाकतात आणि कोट्यवधी व्ह्यूज जातात. त्या केसांवर फुगे देणाऱ्या बबल्याचं गाणं दाखवलं एकदा. मग दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला बायका विंचरून निघालेले केस देतात आणि पोरांसाठी फुगे घेतात हे सांगावं लागलं, त्यावर सगळा वर्ग उठून बसला, पुढची दहा मिनिटं गाणं बाजूलाच राहिलं आणि केसांचा धंदा कसा चालतो यावरच चर्चा. चालायचंच.

मौखिक परंपरा आणि छपाई यावर एक लेक्चर होतं तेव्हा मात्र मी स्वतःहून हात वर केला. बहिणाबाईंचं सांगितलं, १८८० चा जन्म, आसोद्याच्या, लिहिता वाचता येत नव्हतं, घरोट्यावर आणि शेतात ओव्या म्हणायच्या, सोपानदेवांनी त्या उतरवून ठेवल्या आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सरांनी लगेच विचारलं की म्हणजे जे छापून आलं ते त्यांचं किती आणि उतरवणाऱ्याचं किती? मला तेव्हा राग आला होता. शाळेत असं कोणी कधी विचारलंच नव्हतं, पाठ करायचो आणि मार्क घ्यायचो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, अजूनही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी लिहायला बसले.

मी पोचले सप्टेंबर २०२४ ला. त्याच्या आधीच तिकडे दंगली होऊन गेल्या होत्या. २९ जुलैला साउथपोर्टला डान्स क्लासमध्ये एका मुलानं चाकूहल्ला केला, तीन लहान मुली गेल्या, आणि काही तासांत सोशल मीडियावर एक खोटं नाव फिरायला लागलं, की हल्लेखोर बोटीतून आलेला निर्वासित आहे. तो होता कार्डिफमध्ये जन्मलेला. पण दुसऱ्या दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर दगडफेक, आणि पुढचा आठवडाभर गावोगावी दंगे. आई तेव्हा म्हणत होती जाऊ नको म्हणून, तिकीट काढलेलं होतं.

साहजिकच पहिल्या टर्मला यावर भरपूर बोललं गेलं. आणि चांगलं बोललं गेलं, खरंच. सरकारी खर्चात झालेली कपात, घरांचे प्रश्न, बंद पडलेले कारखाने, इमिग्रेशनचं राजकारण, पेपरांनी वर्षानुवर्षं निर्वासितांबद्दल वापरलेली भाषा, उजव्या गटांचा जुना इतिहास, आणि मग शेवटी प्लॅटफॉर्म आणि अल्गोरिदम. कुठल्याच बाईंनी किंवा सरांनी असं म्हटलं नाही की लोक अडाणी आहेत म्हणून झालं.

मग दुसऱ्या टर्मला अफवा आणि मेसेजिंग ॲप असा विषय. स्लाईड आली, भारताचा नकाशा, त्यावर लाल टिपके, आणि एका टिपक्यापुढे लिहिलेलं, धुळे.

पाहुणे लेक्चरर होते, त्यांना माहीत नव्हतं वर्गात कोण बसलंय. राईनपाडा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, त्यांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्या स्लाईडवर गावाचं नाव नव्हतं, समाजाचं नाव नव्हतं, फक्त आकडा होता. आणि कारणं तीन, स्वस्त फोन, स्वस्त डेटा, कमी साक्षरता. पुढची स्लाईड, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर ५ चॅटची मर्यादा आणली. झालं. पुढचा देश.

मला बसवेना. इंग्लंडमध्ये अफवेवरून दंगल झाली की इतिहास उघडायचा आणि धुळ्यात झाली की मोबाईल उघडायचा, हे कसं काय? मी हात वर करून हे असंच विचारलं, माझं इंग्रजी तेव्हा अडखळलं असेल पण विचारलं.

आणि मग मला जे माहीत होतं ते सांगितलं. की आमच्या गावाकडे सुगी झाली की दारावर गोसावी यायचे, वासुदेव यायचा, बहुरूपी यायचे, पोतराज यायचा. आजी सुपात ज्वारी घालून द्यायची, नाव गाव विचारायची, पाणी द्यायची. पण त्याच आजीला विचारलं की यांना ओट्यावर झोपू देशील का, तर नाही. म्हणजे दाणे द्यायचे आणि नजरही ठेवायची, दोन्ही एकाच वेळी. हा संशय व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा. त्या उन्हाळ्यात मेसेज आले तेव्हा लोकांना कोणाकडे बोट दाखवायचं हे कोणी शिकवायची गरज नव्हती, ते ठरलेलंच होतं. अफवा नवी, संशयित जुना. आणि पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कागद दाखवून मी अमुक गावचा असं सिद्ध करावं लागतं, ही वेळ त्याच्यावर का येते हा प्रश्न साक्षरतेचा नाहीये, निदान गावाच्या साक्षरतेचा नाहीये.

पाहुणे म्हणाले, इंटरेस्टिंग पॉईंट. तिकडे इंटरेस्टिंग म्हणाले की समजायचं विषय संपला. पण आमच्या मॉड्यूलच्या बाई मागे बसलेल्या होत्या, त्यांनी संध्याकाळी मेल केला, एका जुन्या अभ्यासातले दोन चॅप्टर जोडून, खाली एवढंच लिहिलेलं की तू राहतेस ती जागा यात आहे.

मी राहायचे हॅण्ड्सवर्थला. सोहो रोडच्या मागच्या गल्लीत, वर खोली, खाली घरमालकीण बीजी. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात १९६४ साली संस्कृतीचा अभ्यास करणारं एक सेंटर सुरू झालं होतं, तिथे पुढे स्टुअर्ट हॉल प्रमुख झाले. ते जमैकाचे, १९५१ ला स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला शिकायला आलेले, म्हणजे आमच्यासारखेच परदेशी विद्यार्थी, हे मला कुठल्याही थिअरीपेक्षा आवडलं. त्यांचं एन्कोडिंग-डिकोडिंग तुम्हाला कुठल्याही मीडियाच्या कोर्सला पहिल्या महिन्यातच लागतं, १९७३ चा पेपर, थोडक्यात असं की पाठवणाऱ्यानं जो अर्थ घातला तोच बघणारा घेईल याची काही खात्री नाही, कोणी जसाच्या तसा घेतो, कोणी थोडा वाकवून, कोणी पूर्ण उलटा.

बाईंनी पाठवलेलं ते याच सेंटरमधल्या लोकांचं, १९७८ चं काम. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये हॅण्ड्सवर्थमध्ये तीन पोरांनी एका माणसाला मारून लुटलं. कोर्टानं एकाला २० वर्षं दिली, बाकीच्या दोघांना १०-१०. यांनी विचारलं, वाटमारी तर आधीपासून होतीच, मग अचानक हा काहीतरी नवाच भयानक गुन्हा असल्यासारखं देशभर का झालं? पेपर पोलिसांचं छापतात, जज पेपरातली भीती बोलून दाखवतात, ती पुन्हा हेडलाईन होते, आणि या सगळ्यात ‘काळी पोरं’ ही एक तयार आकृती उभी राहते. म्हणजे गुन्हा किती वाढला यापेक्षा भीती कुठून आली ते शोधायचं.

ते मी रात्री वाचत होते आणि मला सारखा राईनपाडाच दिसत होता. सगळं जुळत नाही, हे पण सांगते. हॅण्ड्सवर्थच्या गोष्टीत पेपर, पोलीस, कोर्ट सगळे मिळून भीती वाढवतात, आपल्याकडे ती मोबाईलवरून आली. पण प्रश्न विचारायची पद्धत जुळत होती, आणि जे लेक्चर ‘भारत’ या नावाखाली झालं त्यापेक्षा हॅण्ड्सवर्थवरचं पन्नास वर्षांपूर्वीचं काम मला साक्रीबद्दल जास्त सांगून गेलं. ते सेंटर आता नाही, २००२ मध्येच विद्यापीठानं बंद केलं.

मग डिझर्टेशन. राईनपाड्यावरच करायचं डोक्यात होतं, पण सुपरवायझर म्हणाल्या की एथिक्स कमिटीतून हे एमएच्या वेळेत पास होणार नाही, ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना आणि ज्यांच्यावर केस झाली त्यांना तू कोणत्या तोंडानं प्रश्न विचारणार? बरोबर होतं त्यांचं. मग मला आप्पा आठवले.

आमचे आप्पा एका पेपरचे तालुका वार्ताहर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तालुका वार्ताहराला पगार नसतो, किरकोळ मानधन असतं आणि जाहिरातीवर कमिशन असतं. म्हणजे घर चालतं ते बातमीवर नाही, १५ ऑगस्टच्या पुरवणीवर, दिवाळीवर, आणि सगळ्यात जास्त नेत्यांच्या वाढदिवसावर. ज्याच्याकडे सकाळी अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचं त्याच्याच गटारीच्या ठेक्याची बातमी संध्याकाळी कशी पाठवणार? जाहिरातदार बातमीला कसा गाळतो यावर आम्हाला एक अख्खा आठवडा होता, मी मनात म्हटलं हे तर आमच्या ओट्यावरचं बोलणं आहे. पण त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात मला आठवतं, आप्पांचा फोन रात्री अकरापर्यंत वाजत होता. भो, पोरं पळवनारी टोळी उनी म्हने, खरं शे का? आप्पा पोलीस स्टेशनला फोन लावायचे, मग एकेकाला उलट फोन करून सांगायचे, खोटं आहे, झोपा. याचे त्यांना कोणी पैसे दिले नाहीत आणि ते कुठे छापूनही आलं नाही.

म्हणून माझा विषय झाला, अफवेच्या वेळी तालुका वार्ताहर काय करतो. आप्पांना घेता येत नव्हतं, जवळचं नातं. अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्रीकडचे वार्ताहर फोनवर गाठले. अमळनेरला साने गुरुजींनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं होतं, हे प्रत्येकानं मला अभिमानानं सांगितलं, आणि पुढच्याच वाक्याला मानधन किती वर्षांत वाढलं नाही ते.

खरी मजा कन्सेंट फॉर्मची. विद्यापीठाचा फॉर्म दोन पानी, तुमचा डेटा कुठे ठेवू, किती वर्षांनी नष्ट करू, तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. मी मराठीत करून व्हॉट्सॲपला पाठवला. एका नानांचा लगेच फोन, तुले जे लिखनं ते लिख ना माय, सही कसाले? त्यांना वाटलं कोर्टाचं काही आहे. दुसरे म्हणाले, इतला पैसा खर्चीसन तू आमनाच इंटरव्ह्यू ली ऱ्हायनी? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आम्ही दोघं हसलो. सह्या मात्र सगळ्यांनी केल्या, फोटो काढून पाठवले, एकाचा तर बँकेच्या पासबुकवर ठेवून काढलेला.

बोलायला लागल्यावर थांबत नव्हते कोणी. एकानं सांगितलं की अफवा खोटी आहे ही बातमी मी पाठवली होती पण डेस्कवरून आली नाही, कारण घडलंच नाही तर बातमी कसली. एकानं सांगितलं, पोरगं हरवलं की मोठी बातमी, सापडलं की दोन ओळी, कधी कधी त्याही नाही. सगळं अर्ध अहिराणी अर्ध मराठीत, ते उतरवून घ्यायला माझा उन्हाळा गेला. सॉफ्टवेअरला अहिराणी येत नाही, सगळं कानानं.

मार्क ६८ आले. मामांना सांगितले नाहीत.

ज्यांना नोकरीचं विचारायचंय त्यांना सरळ सांगते, शिकून झाल्यावर दोन वर्षं थांबायचा ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा मिळतो, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर पीएचडीवाले सोडून बाकीच्यांना १८ महिनेच. त्यात तिकडच्या मीडियात जागा मिळणं फार कठीण आहे, आमच्या वर्गातले बहुतेक परत गेले किंवा मार्केटिंगमध्ये लागले. मीही परत आले, लोनचे हप्ते इथून भरतेय, जळगावला एका ठिकाणी कंटेंटचं काम करते. फक्त नोकरीचा हिशोब करून जात असाल तर मी नको म्हणेन. पण वाचायची आवड असेल आणि फी झेपत असेल, तर गावाकडचं जे जे माहीत आहे ते घेऊन जा, तिकडे ‘भारत’ म्हणून बोलायला लावतील तेव्हा तुमच्या तालुक्याबद्दल बोला.

सध्या डिझर्टेशनचं मराठी करतेय, त्या सगळ्यांना द्यायचं कबूल केलं होतं. पहिली प्रत शिरपूरच्या त्या नानांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून चाळली, त्यांचं म्हणणं जिथे होतं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, हे वार्ताहर क्रमांक ४ कोण? मी म्हटलं तुम्हीच, फॉर्मवर लिहिलं होतं ना की नाव गुप्त ठेवणार. नाना एकदम चिडले. आयुष्यभर बातमी पाठवली आणि वर नाव आलं ते ‘शिरपूर, वार्ताहर’, आता तू बी तेच करी ऱ्हायनी? नाव टाक. मग मी बाकीच्यांनाही विचारलं. एक सोडून सगळ्यांना नाव पाहिजे, एकाला तर फोटोसकट. विद्यापीठात जे जमा केलंय त्यात आता बदल करता येत नाही, पण मराठी प्रत माझी आहे, त्यामुळे नवीन फॉर्म केलाय, अर्ध्या पानाचा, त्यात एकच प्रश्न, नाव कसं छापायचं, आडनाव आधी की नंतर.